निळा धूर: हेडचं काम करावं की इंजिन बांधावं?

जुना ट्रॅक्टर निळा धूर मारायला लागला की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) गेलेत, हेडचं (इंजिनाच्या वरच्या भागाचं) काम करून घे. दुसरा म्हणतो, रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) गेल्या, इंजिनच बांधून घे. दोघेही सायलेन्सरकडे बघून बोलत असतात. पण निळा धूर एवढंच सांगतो, की ऑइल जळतंय. ते वरून व्हॉल्व्हच्या दांडीवरून उतरतंय की खालून पिस्टनच्या कडेनं चढतंय, हे रंगावरून कळत नाही. ते कळतं धूर कधी येतो यावरून, आणि त्याहून जास्त ब्रीदरवरून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीवरून.

त्याआधी डिपस्टिक बघा. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर जादा ऑइल काढा, कदाचित एवढ्यावरच भागेल. पातळी आपोआप वाढत असेल, ऑइल पातळ झालं असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. फीड पंपाच्या डायफ्रॅममधून, पंपाच्या सीलमधून किंवा गळक्या नोझलमधून डिझेल खाली उतरतंय. असा ट्रॅक्टर कामाला लावू नका. पातळ ऑइल बेअरिंग खातं, आणि पातळी फार वाढली तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून रेस घ्यायला लागतं. मग स्टॉप ओढूनही ते थांबत नाही, हवेचं तोंडच बंद करावं लागतं, तेही फळीनं, हातानं नाही.

एअर क्लीनर ऑइलबाथचा (हवा ऑइलमधून गाळणारा) असेल तर त्याच्या वाटीतलं ऑइल खुणेपेक्षा जास्त नाही ना, तेही बघा. जास्त झालेलं ऑइल हवेबरोबर सरळ इंजिनात जातं. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) असेल तर हवेचा पाइप काढून आत बोट फिरवा. नुसता ओलावा चालेल, पण ऑइल साचलेलं असेल तर हेड आणि लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) दोन्ही सोडून आधी टर्बोकडे वळा. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे थंड इंजिनातून न जळलेल्या डिझेलचा पांढुरका-निळसर धूर. तो डोळ्यांना झोंबतो आणि इंजिन तापलं की जातो. तो ऑइलचा नव्हे.

आता खरी तुलना. रात्रभर उभा ट्रॅक्टर सकाळी सुरू करताच भपकन निळा धूर येऊन थोड्या वेळात साफ होत असेल, किंवा बराच वेळ आयडलवर ठेवून रेस दिल्यावर एक लोट येत असेल, तर संशय गाइड आणि त्यांच्या सीलवर घ्यावा. मधल्या वेळात ऑइल दांडीवरून झिरपून साठतं आणि एकदम जळतं. उलट नांगराला लावल्यावर, भर लोडवर, गरम इंजिनात धूर वाढत जात असेल तर दोष बहुतेक खाली, रिंगा आणि लायनरमध्ये असतो. उतारावर रेस सोडल्यावर धूर आला तर गाइड, हा नियम पेट्रोल इंजिनाचा आहे. बहुतेक डिझेल इंजिनांत हवेच्या वाटेवर झडप नसते, त्यामुळे तिथं तेवढी ओढ तयारच होत नाही. डिझेलवर या खुणेचा फार भरवसा धरू नका.

ब्रीदर मात्र सहसा खोटं बोलत नाही. इंजिन गरम करा, ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. झाकण उडायला लागलं, ब्रीदरमधून ठोक्यागणिक वाफारा येऊ लागला, तर जळलेला गॅस रिंगांना डावलून खाली उतरतोय. वाफारा नाही आणि धूर आहे, तर हेडचं पारडं जड. फक्त ब्रीदर स्वतः चोंदलेला नाही याची खात्री आधी करा, कारण चोंदलेला ब्रीदर आतला दाब वाढवून एकटाच धूर काढू शकतो.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब) तपासून घ्या, पण त्याच्या आकड्यावर एकट्यानं निर्णय घेऊ नका. गाइड कितीही ढिला झाला तरी व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत असेल तर कॉम्प्रेशन चांगलंच येतं. सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडणारी ऑइल रिंग कार्बननं चिकटली असेल आणि वरच्या रिंगा ठीक असतील, तरीही ते चांगलंच येतं. म्हणजे कमी कॉम्प्रेशन दोष दाखवतं, पण चांगल्या कॉम्प्रेशनमुळे रिंगा निर्दोष ठरत नाहीत. सिलिंडरमध्ये ऑइल टाकून परत मोजायचं आणि आकडा वाढला तर रिंगा दोषी धरायच्या, ही युक्तीही डिझेलवर फसते. 2,500 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन घ्या, कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते तो आकडा) 17.5 धरा. पिस्टन वर असताना एका सिलिंडरमध्ये जेमतेम 50 सीसी जागा उरते. तिथं 10 सीसी ऑइल टाकलं तर रेशोच 22 च्या जवळ जातो. रिंगा ठणठणीत असोत वा झिजलेल्या, काटा वर चढणारच.

हेडचं काम स्वस्त आणि लवकर होणारं, म्हणून मन तिकडेच धावतं. मीही एकदा असाच धावलो होतो. गाइड, सील, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, सगळं झालं, आणि धूर होता तसाच. ब्रीदर आधीपासून सांगत होता, पण त्याचं ऐकायचं नव्हतं. तरी हेड उघडल्याचा एक फायदा असतो, बोअर (लायनरची आतली भिंत) डोळ्यांनी दिसतो. वरच्या टोकाला नख फिरवा. नख अडकेल अशी कड असेल तर लायनर झिजलाय. एक रिंग काढता आली तर ती आधी वरच्या झिजलेल्या भागात आणि मग अगदी खाली न झिजलेल्या भागात सरळ बसवून दोन्ही ठिकाणी रिंगेच्या टोकांमधली फट फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. दोन्ही फटींतल्या फरकाला 3.14 नं भागलं की व्यासातली झीज मिळते. फरक 0.6 मिमी आला तर झीज जवळपास 0.2 मिमी. एवढ्या झिजेवर नुसत्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. शिवाय नवी वरची रिंग त्या कडेला आपटून तुटू शकते.

म्हणून नुसत्या रिंगा बदलायचा मधला मार्ग मला फक्त एकाच ठिकाणी पटतो, बोअर सरळ आहे पण रिंगा चिकटल्या आहेत तिथं. बाकी ठिकाणी लायनर-पिस्टन किटच. वेट लायनर (ज्याला बाहेरून थेट पाणी लागतं) ओढून बदलता येतो, ड्राय लायनरला (ब्लॉकमध्ये घट्ट बसवलेल्या) प्रेस आणि बहुधा वर्कशॉपही लागतं, तेवढा वेळ हिशेबात धरा. क्रँकला (पिस्टन ज्याला फिरवतात त्या खालच्या दांड्याला) हात लावायचा का, हे गरम इंजिनाचं आयडलवरचं ऑइल प्रेशर ठरवतं. ते चांगलं असेल तर हाफ इंजिनवर, म्हणजे क्रँक न काढता, भागतं. ते पडलेलं असेल तर बेअरिंगही बघा, कारण ढिलं बेअरिंग बोअरवर जादा ऑइल उडवतं आणि नव्या रिंगांनाही ते आवरत नाही.

काहीच न करणं हाही एक पर्याय आहे, त्याला कमी लेखू नका. 100 लिटर डिझेलमागे किती ऑइल घालावं लागतं, ते वहीत लिहा. पाव-अर्धा लिटर लागत असेल, ब्रीदर शांत असेल, ताकद कमी झाली नसेल आणि ट्रॅक्टर थंड असतानाही चटकन सुरू होत असेल, तर मी असा ट्रॅक्टर हंगामभर बिनधास्त वापरेन. लिटरच्या पुढे गेला, किंवा आकडा महिन्यागणिक चढत असेल, तर हंगाम संपायची वाट बघून उघडेन.

इंजिन बांधलंच तर पहिले काही तास ते आयडलवर घरघरत ठेवू नका. गरम झालं की मध्यम लोडवर कामाला लावा, लोड कमीजास्त करत राहा. लोडाशिवाय रिंगा बोअरला बसत नाहीत, बोअर आरशासारखा गुळगुळीत होतो, आणि नव्याकोऱ्या किटवरही निळा धूर परत येतो.