दहा महिन्यांनंतर: गाडी ठणठणीत, घात केला पंख्याने

एप्रिलमधली दुपार, रत्नागिरीतला भाट्याचा किनारा, ओहोटीची कडक वाळू. रिमोटवर चालणारी माझी छोटी गाडी धावता धावता थांबली आणि झाकणाखालून जळका वास आला. लायपो बॅटरी झटकन काढली, पण इएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर, गेला तो गेलाच.

बाकी गाडीबद्दल तक्रार नाही. दहा महिन्यांत फक्त पुढच्या चाकाला धरणारा एक आर्म मोडला, तोही भाच्याने ती सुरूच्या बुंध्यावर घातली म्हणून.

सर्व्हिसवाल्यांना फोटो पाठवले. उत्तर आलं, "ओव्हरहीट झालाय, वॉरंटीत बसत नाही." अहो, खोक्यावर ठळक अक्षरांत 'थर्मल प्रोटेक्शन' तुम्हीच छापलंत ना? मग तापून जळला कसा? तीन मेल झाले, या प्रश्नाला कुणी हात लावत नाही. माहितीपत्रक दोनदा वाचलं. इएससी किती अंशांवर बंद व्हायला हवा, हा आकडा कुठेच नाही. लायपो 60 अंशांपुढे नेऊ नये, मोटरमधलं साधं निओडिमियम चुंबक 80च्या पुढे कमजोर पडू लागतं, हे आपण इकडून तिकडून गोळा करायचं. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अपुऱ्या सूचना आणि इशारे यांचीही जबाबदारी उत्पादकावर येते. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली.

इथवर लिहून झालं आणि रविवारी इएससी उघडला. निम्मा राग तिथेच उतरला. वरचा पंखा जाम. मांडवीला दोन-तीनदा गाडी फिरवली होती, तिथली लोहाचे कण असलेली काळी वाळू पंख्याच्या चुंबकाला चिकटून बसलेली, वर मिठाचा पांढरा थर. त्यात मी वेगाच्या हौसेपायी पिनियन, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर, 13 दातांचा काढून 16चा घातला होता. करंट दीडपट झाला की उष्णता सव्वादोनपट होते, हे गणित मला येतं. तरी घातला. वाळूचा लोड वेगळाच.

पण निम्माच राग उतरला. खोक्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलंय आणि जेमतेम सव्वाशे रुपयांचा पंखा उघडा! तो थांबला तर कळायला दिवा नाही, बीप नाही. नवा इएससी साडेचार हजारांचा.

काल मेल आला: "सद्भावना म्हणून 30 टक्के सूट." म्हणजे उरलेले 3,150 माझ्याच खिशातून. अजून हो म्हटलेलं नाही, कारण इएससी किती अंशांवर बंद व्हायला हवा, हा आकडा विचारलाय तो अजून आलेला नाही.

तोवर 900 रुपयांची तापमान मोजायची गन घेतली. पुढे दर पाच मिनिटांनी गाडी थांबवून मोटर मोजायची, 70 दिसले की घरी, असं ठरवलंय. सध्या गाडीच बंद, त्यामुळे गन स्वयंपाकघरात आहे. घावनाचा तवा किती तापला की जाळी पडते, ते बायकोने दोन दिवसांत शोधून भिंतीवर पेन्सिलने लिहूनही ठेवलं.