मच्छेतली आमची छोटी मंडळी: दोन वर्षांनंतरचा अनुभव

बेळगावात नव्यानं राहायला आलेली ख्रिस्ती मराठी माणसं मला वरचेवर विचारतात, मराठी उपासना कुठं मिळेल? फोनवर पाच मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून आमच्या मच्छेच्या मंडळीबद्दल, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या आमच्या चर्चबद्दल, एकदा सगळं लिहून काढते.

आम्ही मिरजेचे. आई वॉनलेस हॉस्पिटलात परिचारिका होती. १८९४ साली सुरू झालेल्या त्या दवाखान्याच्या आसपासच माझं सगळं बालपण गेलं. चर्च म्हणजे घरापासून चालत जायची जागा. ते शोधावं लागतं, हे पंचेचाळिशी येईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. यजमानांना उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम लागलं आणि बेळगावजवळ मच्छेला भाड्यानं घर घेतलं, तेव्हा कळलं. मच्छे आता गाव म्हणावं तर गाव राहिलेलं नाही. एका बाजूला व्हीटीयू हे तंत्रशिक्षणाचं विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला कारखाने, मधल्या शेतांत प्लॉट पडलेले. आमच्या गल्लीत सहा घरं, त्यातली चार गेल्या तीन वर्षांतली. शेजारी चांगले आहेत, खरं आपल्यातलं कुणी नाही.

पहिले नऊ महिने आम्ही शहरातल्या एका जुन्या, मोठ्या चर्चला गेलो. नाव लिहीत नाही. इमारत दगडी, छत उंच, गायनवृंद तयारीचा. बस बदलून, तिसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या गर्दीतून वाट काढत पोचायला पाऊण तास लागायचा. त्याचं काही नाही. त्या नऊ महिन्यांत माझं ऑपरेशन झालं, लागोपाठ पाच रविवार मी गेले नाही, आणि सहाव्या रविवारी गेले तेव्हा मी नव्हते हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मिरजेहून आणलेलं सभासदत्वाचं बदलीपत्र मी पहिल्याच महिन्यात दिलं होतं. ते टेबलाच्या खणातच पडून होतं. त्या दिवशी घरी येऊन मी रडले.

मच्छेची मंडळी मला बसमध्ये सापडली. मांडीवरच्या पिशवीतून गीतांचं पुस्तक थोडं बाहेर आलं होतं. शेजारच्या बाईंनी ते पाहिलं आणि विचारलं, "मराठी पुस्तक न्हवं ते? कुठं जाऊलाय?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढ्या लांब कशाला? आमच्याकडं या की ह्या रविवारी. जागा ल्हान आहे, खरं माणसं आहेत."

जागा खरोखरच लहान आहे. हार्डवेअरच्या दुकानावरचा पहिला मजला, वर पत्रा, साठेक प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढं सतरंजी. जिना अरुंद आणि उभा आहे; गुडघे दुखणाऱ्यांनी आधी फोन करावा, तरणी पोरं हात धरून वर नेतात. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली बसवत नाही, आणि गोव्याकडं जाणारे ट्रक खालून गेले की संदेशातली, म्हणजे प्रवचनातली, अर्धी वाक्यं बुडतात. कीबोर्ड आणि ड्रमचा आवाज त्या बंद जागेला फार होतो. हे मी पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, दोनदा सांगितलंय. थोडा कमी झालाय, अजून व्हायला हवा.

भाषेचं सविस्तर सांगते, कारण नवा माणूस तिथंच अडतो. लंडन मिशनचे मिशनरी जोसेफ टेलर १८२० साली बळ्ळारीहून बेळगावात आले. कोल्हापूरकडं अमेरिकन मिशनरी वाइल्डर आले ते १८५२ साली. एक वाट कानडी मुलुखातून आलेली, दुसरी मराठी. आम्ही दुसऱ्या वाटेवरची माणसं पहिल्या वाटेवर येऊन राहिलोत. इथं कानडी घरं जास्त, मराठी चौदा, दोन तेलुगू. पाळकसाहेब कानडीत बोलतात आणि एक शिक्षक बाजूला उभे राहून वाक्यावाक्याला मराठी करतात. अर्ध्या तासाचा संदेश त्यामुळं तासावर जातो. सुरुवातीला मला कंटाळा यायचा. आता मी कानडी वाक्य आधी ऐकते, मनात अर्थ लावते आणि मग मराठी ऐकून तपासते. या दोन वर्षांत मला जेवढं कानडी आलं, तेवढं दुकानांतून कधी आलं नसतं. आणि प्रभूची प्रार्थना ज्यानं त्यानं आपल्या भाषेत म्हणायची, सगळ्यांनी एकाच वेळी. कुणाची आधी संपते, कुणाची मागाहून, आणि आमेनसाठी आधी संपलेले थांबून राहतात. ते दोन-तीन सेकंद मला सबंध उपासनेत सगळ्यात जवळचे वाटतात.

गाणी दोन कानडी, दोन मराठी. मराठीत नारायण वामन टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर होतात. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं प्रभूला आपल्या अभंगाच्या चालीत आणलं, आणि इथली कानडी माणसंही ती चाल बिनचूक धरतात. मिरजेची आठवण मला नेमकी तेव्हा येते.

मी इथं का राहिले, ते आता. तिसऱ्या महिन्यात मला ताप आला आणि एक रविवार चुकला. एकच. सोमवारी संध्याकाळी पाळकीणबाई आणि बसमधल्या त्या अक्का नाचणीचं आंबील घेऊन दारात उभ्या. दहा मिनिटं बसल्या, छोटी प्रार्थना केली, डबा ठेवून गेल्या. वर्गणीचा, दशांशाचा (मिळकतीचा दहावा हिस्सा देण्याचा) शब्द काढला नाही. पैशांच्या बाबतीत ही मंडळी स्वच्छ आहे: महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीच्या) आधी, जमाखर्च उभ्यानं वाचून दाखवतात, अगदी विजेच्या बिलापर्यंत.

मागच्या जुलैत सासरे गेले. पहाटे चार वाजता, धो धो पावसात. आमचं नात्यातलं इथं कुणी नाही. सहा वाजेपर्यंत मंडळीतले अकरा पुरुष घरी होते. अडचण दफनाची आली. या मंडळीची स्वतःची दफनभूमी नाही, आणि शहरातल्या जुन्या चर्चांच्या दफनभूमीत सभासदांनाच जागा मिळते. आमच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांपैकी दोघे छत्री घेऊन तीन ठिकाणी फिरले, विनवण्या केल्या, आणि दुपारी एकाला एका जागी परवानगी मिळाली. खड्ड्यात पाणी भरत होतं. पोरांनी बादल्यांनी उपसलं. संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात तीन बायका भाकऱ्या थापत होत्या आणि मला चुलीजवळ येऊ देत नव्हत्या. हे उपकार मी विसरणार नाही. तरीही नव्या माणसाला कळकळीनं सांगते: कुठल्याही मंडळीत गेलात तरी दफनभूमीचं काय, हे पहिल्याच महिन्यात विचारा. संकोच वाटतो, पण विचारा. या एका गोष्टीसाठी मी या मंडळीला पाचपैकी चारच देते. मंडळीच्या वडिलांच्या सभेत मी हा विषय तीनदा काढलाय आणि जागेचा निर्णय होईपर्यंत काढत राहणार.

संडे स्कूल कमजोर होतं. चार वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची मुलं एकाच खोलीत, शिकवायला एकच ताई. माझी मुलगी कंटाळून बाहेर येऊन बसायची. जूनपासून मोठ्या मुलांचा वर्ग मी घेते. शिकवताना मराठी, कानडी आणि इंग्रजी तिन्ही वापरावं लागतं. अजून एक शिक्षक मिळाला तर फार बरं होईल.

ज्यांना छापील उपासनाक्रम, शांतता, बाकांवर बसणं हवं, त्यांचं मन इथं रमणार नाही. त्यांनी शहरातच जावं. कॅथलिक कुटुंबांसाठी कॅम्पात फातिमा कॅथेड्रल आहे. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ सालचा. आमच्या शेजारच्या गल्लीतलं गोव्याचं एक कुटुंब तिथं जातं आणि समाधानी आहे.

यायचं असेल तर रविवारी सकाळी दहाला उपासना सुरू होते, साडेबाराला सुटते, मग चहा आणि चुरमुरे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण असतं. त्या दिवशी आपापल्या घरून एक डबा आणायचा. बुधवारी संध्याकाळी सातला आळीपाळीनं कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते, दार उघडं ठेवून, आणि शेजारी डोकावले तर त्यांनाही चहा मिळतो. रविवारी जिन्याच्या तोंडाशी स्टुलावर एक आजी बसलेल्या असतात. त्यांना नुसतं "मराठी" म्हणा. मांडीवरच्या पिशवीतून त्या पुस्तक काढून देतील. पुठ्ठा सुटलाय आणि पहिली चार पानं गेलीत, पण अनुक्रमणिका शाबूत आहे.