ट्रॅक लोडर, मल्चर आणि तेलाचा दाब: पाच महिने व २६० तासांच्या वापरानंतर

टेक्ससच्या हिल कंट्रीत, ऑस्टिनच्या पश्चिमेस ब्लँको काउंटीत, आमची ३८ एकर जमीन आहे. वर वीतभर माती, खाली चुनखडीचा खडक आणि सगळीकडे माजलेला सीडर असे तिचे रूप होते. येथे सर्रास सीडर म्हणतात ते झाड प्रत्यक्षात ॲश ज्युनिपर आहे आणि त्याचा एक गुण साफसफाई करणाऱ्याच्या पथ्यावर पडतो, तो म्हणजे जमिनीलगत कापल्यावर ते बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. आपल्याकडच्या वेड्या बाभळीचे भावंड असलेले मेस्कीट मात्र कितीही छाटले तरी फुटतेच, त्यामुळे त्याच्या नादी मी लागलो नाही. सीडर काढण्यासाठी ऑगस्टअखेरीस मी एक वापरलेला कॉम्पॅक्ट ट्रॅक लोडर (रबरी पट्ट्यांवर चालणारे, पुढे अवजारे जोडता येणारे छोटे यंत्र), एक ब्रश कटर (झुडपे कापणारे अवजार) आणि एक ड्रम मल्चर (दात बसवलेल्या फिरत्या ड्रमने झाडाचा भुगा करणारे अवजार) विकत घेतला. सप्टेंबर ते जानेवारी या काळात अवरमीटरवर २६० तास पडले. कंपन्यांची नावे मुद्दाम घेत नाही, कारण जे सांगायचे आहे ते कोणा एका कंपनीपुरते नाही. या कामात झाड दातांनी कापले जाते असे दिसत असले तरी खरा जोर तेलाचा असतो, आणि त्या जोराचा माहितीपत्रकातला आकडा रानात तसाच्या तसा मिळत नाही.

विहिरीवर मोटार बसवलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागणार नाही. पंपाला डिस्चार्ज (पाण्याचा प्रवाह) असतो तसे हेडही (पाणी चढवण्याची उंची) असते, आणि नुसत्या डिस्चार्जच्या बळावर पाणी टेकडी चढत नाही. लोडरकडून अवजाराला दाबाखालचे तेल पुरवणाऱ्या सहायक हायड्रॉलिक लाइनचेही तसेच आहे. मिनिटाला किती गॅलन तेल येते त्यावर ड्रमचा वेग ठरतो, आणि दाब किती टिकतो त्यावर जाड खोडात शिरलेला ड्रम फिरत राहणार की अडकणार हे ठरते. मिनिटाचे गॅलन आणि पीएसआय (दाबाचे एकक, चौरस इंचावर पौंड) यांचा गुणाकार करून १७१४ ने भागले की अश्वशक्ती मिळते. माझ्या लोडरचा साधा प्रवाह २३ गॅलन, हाय फ्लो, म्हणजे वाढीव प्रवाह, ३७ गॅलन आणि दाब ३५०० पीएसआय आहे, म्हणजे कागदावर अनुक्रमे ४७ आणि ७६ अश्वशक्ती.

पण ३५०० हा रिलीफ व्हॉल्व्ह उघडण्याचा दाब आहे. तेथे पोहोचलेले तेल मल्चरकडे न जाता व्हॉल्व्हवाटे टाकीत परतते, त्यामुळे पूर्ण प्रवाह आणि पूर्ण दाब यांची गाठ कामाच्या क्षणी कधीच पडत नाही. नोव्हेंबरमध्ये एका फिरत्या मेकॅनिकला बोलावून मी फ्लोमीटर लावून घेतला. भार नसताना ३६ गॅलन आले, आणि भार वाढवत ३००० पीएसआयपर्यंत नेला तेव्हा ३१ उरले. हिशेब ५४ अश्वशक्तीचा झाला. याला बिघाड म्हणता येत नाही, कारण पंपातली आतली गळती, होज (तेलाची नळी) आणि कपलर (नळ्या जोडण्याचा सांधा) यांमधले घर्षण आणि भाराखाली थोडे उतरणारे इंजिनचे फेरे यांत तेवढे जातेच. मल्चर निवडताना मात्र मी ७६ धरले होते, तेथे ५४ धरायला हवे होते.

खरेदीच्या वेळी मी ७४ अश्वशक्तीचा लोडर घेण्याच्या बेतात होतो. या एकाच आकड्यावर बाजारात एवढी गर्दी का, याचे उत्तर अमेरिकेच्या डिझेल इंजिनांच्या धुराबाबतच्या टियर ४ फायनल नियमांत आहे. ५६ किलोवॅट, म्हणजे ७५ अश्वशक्तीपासून पुढे नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा एकदम कडक होते आणि इंजिनाला बहुधा डीईएफ द्रवाची (धुरातील नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या युरियाच्या पाण्याची) वेगळी यंत्रणा लावावी लागते. ती टाळण्यासाठी पुष्कळ इंजिने ७४ वर आणून थांबवलेली असतात. ग्रॅपलने (पकडीच्या अवजाराने) ओंडके उचलण्यासाठी ती उत्तम आहेत. मल्चर चालवताना मात्र हाय फ्लोचा पंप, ट्रॅक फिरवणारे पंप आणि कूलिंग फॅन हे सगळे एकाच पंगतीला बसतात, आणि वाढणाऱ्याच्या हातात ७४ च असतात. मी अखेरीस ९२ अश्वशक्तीचा लोडर घेतला आणि डीईएफची कटकट पत्करली, त्याचा आजवर पश्चात्ताप झालेला नाही.

ब्रश कटरबद्दल थोडक्यात सांगता येईल. साध्या प्रवाहावर तो तीन इंचांपर्यंतची रोपटी आणि गवत झपाट्याने आडवे करतो, पण भुगा करत नाही आणि मागे तिरके, अणकुचीदार खुंट ठेवतो. एका खुंटाने माझ्या रबरी ट्रॅकला हातभर चीर पाडली, तेव्हापासून सीडरसाठी तो वापरणे मी थांबवले.

मल्चरची गोष्ट मोटरपासून सुरू होते. मोटर एका फेऱ्यात किती तेल पिते हे तिचे विस्थापन. विस्थापन जास्त असेल तर ताकद जास्त आणि वेग कमी, तर विस्थापन कमी असेल तर उलट. माझ्या मल्चरला बदलत्या विस्थापनाची पिस्टन मोटर आहे, म्हणजे खोड आडवे येऊन दाब वाढला की ती आपणहून एका फेऱ्याला अधिक तेल घेऊ लागते, एखाद्या गाडीने घाट लागताच स्वतःच खालचा गिअर टाकावा तशी. ही सोय महाग आहे, पण माझ्या मते हाच पैसा सत्कारणी लागला. तरीही पहिले दोन महिने ड्रम मंद फिरत होता. मूळ मालकाने तो ४३ गॅलनच्या मोठ्या यंत्रासाठी बसवून घेतला होता आणि माझे ३६ गॅलन त्याला अपुरे पडत होते, हे त्याच नोव्हेंबरच्या तपासणीत उघड झाले. मेकॅनिकने मोटरचे किमान विस्थापन स्क्रूने कमी करून दिल्यावर ड्रम मिनिटाला १७५० वरून २१०० फेऱ्यांपर्यंत गेला. विकणाऱ्याला विचारायला हवा होता असा हा पहिला प्रश्न होता, आणि मी विचारला होता तो दातांच्या धारेबद्दल.

यानंतर माझी चालवण्याची पद्धतही बदलली. फिरत्या ड्रममध्ये साठलेला वेग हाच खरा घाव घालतो, आणि तेल तो वेग पुन्हा भरून काढते. म्हणून झाडाला ड्रम टेकवून रेटत राहण्याऐवजी मी घास घेतो, आवाज खाली आला की किंचित मागे येतो, वेग परत आला की पुन्हा पुढे जातो. दाबमापकाचा काटा २५०० च्या आसपास ठेवला की काम सर्वांत वेगाने उरकते.

रेटत राहिल्याचा दंड उष्णतेच्या रूपाने भरावा लागतो. ड्रम अडकून सगळे तेल रिलीफ व्हॉल्व्हवरून जाऊ लागले की जी ५० अश्वशक्ती लाकडात जायला हवी होती ती तेलातच मुरते. ५० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३७ किलोवॅट, म्हणजे दोन किलोवॅटचे अठरा गीझर एकाच टाकीत लावल्यासारखे. तेल ८२ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की ते पातळ होते, सील कडक होऊ लागतात आणि पंपाची गळती वाढते, त्यामुळे उरलेली ताकदही घटते. सप्टेंबरात बाहेर ३८ अंश असताना मला दर चाळीस मिनिटांनी थांबावे लागत होते. त्यात सीडरची बारीक, तेलकट पाने रेडिएटर आणि ऑइल कूलरच्या जाळीत नमदा बसवल्यासारखी दाटतात. उलटा फिरणारा पंखा बाहेरचा कचरा उडवतो, दोन कूलरांच्या मधला उडवत नाही. तो दिवसातून दोनदा हवेच्या नळीने काढावा लागतो. खालच्या पत्र्याखाली साठलेला पालाही रोज काढतो, कारण ते जळण असते आणि वर तापलेला एक्झॉस्ट असतो. अग्निशामक केबिनमध्ये ठेवलेला आहेच.

सर्वांत महागडी चूक माझी स्वतःची होती. मल्चरला दोन जाड होजांखेरीज एक बारीक तिसरी होज असते. तिला केस ड्रेन म्हणतात आणि मोटरच्या कवचात झिरपणारे तेल ती विनादाब टाकीत नेते. डिसेंबरातल्या एका गारठलेल्या सकाळी तिचा कपलर पूर्ण बसला नाही. वरून बसलेला दिसत होता. तेल गारठून दाट झालेले, जायला वाट नाही, त्यामुळे कवचात दाब साठला आणि पाच मिनिटांत शाफ्टचे सील फुटून मल्चरच्या पोटाखाली तेलाचे थारोळे झाले. एका छोट्या सीलपायी नऊ दिवस काम बंद राहिले. आता ती होज सर्वांत आधी जोडतो, सर्वांत शेवटी काढतो आणि बसल्यावर ओढून पाहतो. थंडीत पहिली दहा मिनिटे साध्या प्रवाहावर तेल गरम करून घेतो.

उन्हात ठेवलेल्या मल्चरच्या होजांत दाब साठतो आणि मग कपलर जुळता जुळत नाहीत, हा त्रासही सांगून ठेवतो. म्हणून मल्चर सावलीत हवा. होजला सुईएवढे छिद्र पडले असेल तर त्यातून उडणारे तेल कातडीत शिरते, तेव्हा गळती बोटाने नव्हे, पुठ्ठ्याने शोधावी.

दाट सीडर असेल तर सहा तासांत अर्धा एकर, विरळ असेल तर दीड एकर साफ होतो. डिझेल ताशी सुमारे पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर लागते. आतापर्यंत १९ एकर झाले. ओढ्याकाठच्या सहा एकरांतली जुनी झाडे मी तशीच ठेवली आहेत, कारण १९९० पासून संकटग्रस्त यादीत असलेला गोल्डन-चीक्ड वॉर्बलर हा पक्षी त्याच म्हाताऱ्या सीडरच्या सालीच्या पट्ट्यांनी घरटे बांधतो. फेब्रुवारी ते जून ओकच्या झाडांना जखम होऊ देऊ नये, नाहीतर ओक विल्टचा रोग शिरतो, असे येथील वन खाते सांगते, आणि सीडरमध्ये शिरलेला ड्रम शेजारच्या ओकला खरचटल्याशिवाय राहत नाही. त्यामुळे काम आता बंद आहे. मल्चर शेडमध्ये आहे, त्याच्या दोन जाड होज एकमेकींना जोडलेल्या आहेत, आणि तिसरीला मी लाल टोपण बसवले आहे.