फेरफार केलेली निसान जीटी-आर गोव्यात घ्यावी का?

निसानची जीटी-आर ही वेगवान स्पोर्ट्स गाडी भारतात अधिकृतपणे आली ती डिसेंबर २०१६ मध्ये, आणि तेव्हा तिची दिल्लीतील शोरूमची किंमत १ कोटी ९९ लाख रुपये होती. जपानमध्ये २००७ पासून विकल्या गेलेल्या या गाडीचे उत्पादन ऑगस्ट २०२५ मध्ये थांबले. सुमारे ४८ हजार गाड्या बनल्या, आणि त्यांतल्या भारतात पोचल्या त्या अगदी मोजक्या. त्यामुळे शेजारच्या राज्यात नोंदलेली, एकाच मालकाने वापरलेली आणि बरेच फेरफार केलेली २०१७ सालची जीटी-आर विक्रीस आहे असे फोंड्याच्या आमच्या एका स्नेह्यांना कळले, तेव्हा गाडी पाहण्याआधीच त्यांचे मन निम्मे तयार झालेले होते. मागितलेली किंमत एक कोटीच्या वर होती आणि त्यात ‘फेरफारांवर झालेला खर्च’ ठळकपणे मोजलेला होता. गाडी पाहून, चालवून आणि कागदपत्रे तपासून माझे जे मत झाले ते असे: गाडी घेण्याजोगी आहे, तिच्यावरील फेरफार घेण्याजोगे नाहीत, आणि किंमत ठरवताना या दोन गोष्टी वेगळ्या काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मूळ गाडीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ३.८ लिटरचे, दोन टर्बो असलेले व्ही-६ इंजिन, ५७० पीएस शक्ती, ६३७ न्यूटन-मीटर टॉर्क, मागच्या बाजूला बसवलेला सहा गतींचा ड्युअल-क्लच (दोन क्लचांचा, आपोआप गिअर बदलणारा) गिअरबॉक्स आणि चारही चाकांना शक्ती. योकोहामाच्या कारखान्यात प्रत्येक इंजिन एकाच कारागिराच्या हातून जोडले जाई आणि त्याच्या नावाची पट्टी इंजिनावर लागे. मागची आसने लहान मुलांपुरतीच आहेत, पण ३१५ लिटरच्या डिकीत दोघांचे आठवड्याचे सामान आरामात बसते. मुख्य म्हणजे, बिलस्टीन कंपनीचे, धक्के शोषणारे इलेक्ट्रॉनिक डँपर आरामदायी स्थितीत ठेवले की फोंड्याहून पुण्याला जाऊन माणूस पाठ न धरता उतरू शकतो. लांबच्या प्रवासासाठी घडवलेली वेगवान गाडी म्हणून तिची जी ख्याती आहे, ती शक्तीइतकीच या शक्यतेवर उभी आहे.

फेरफारांनी नेमका हाच भाग काढून घेतला आहे. बिलस्टीनच्या जागी उंची बदलता येणारे कडक कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि डँपर यांचा एकत्र संच) बसवले आहेत आणि गाडी सुमारे तीन सेंटीमीटरने खाली आणली आहे. धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून मोठ्या व्यासाचा एक्झॉस्ट लावला आहे, इंजिनाच्या संगणकात नवा मॅप (इंधन, ठिणगी आणि टर्बोचा दाब ठरवणारे आकडे) भरला आहे, पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे मूळ रनफ्लॅट टायर जाऊन साधे टायर आले आहेत, आणि मूळच्या पांढऱ्या रंगावर करड्या मॅट फिल्मचे आवरण चढवले आहे. यांतल्या प्रत्येक गोष्टीचे स्वतःचे समर्थक आहेत आणि शर्यतीच्या ट्रॅकवर त्यांतल्या काहींना अर्थही आहे. प्रश्न गोव्याचा आहे.

गतिरोधकापासूनच सुरुवात करू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा, म्हणजेच १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तो एक तुकडा असतो. जीटी-आरचे जमिनीपासूनचे अंतर मूळ स्थितीत ११ सेंटीमीटरच्या आसपास आहे, आणि तिचे नाक पुढच्या चाकांच्या सुमारे एक मीटर पुढे येते. चाके गतिरोधकाच्या पायथ्याशी टेकतात तेव्हा त्या नाकाखाली रस्त्याची उंची जवळजवळ आठ सेंटीमीटर झालेली असते. मूळ गाडी तेथून सुटते. तीन सेंटीमीटर खाली आणलेली गाडी घासते किंवा घासता घासता वाचते. आणि हे झाले नियमात बसणाऱ्या गतिरोधकाचे. आपल्या वाड्यावाड्यांवरचे गतिरोधक कोणत्या पुस्तकातून घेतलेले असतात हे ज्याने त्याने आपल्या गावात पाहावे: अरुंद, उभे, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा डांबर ओतल्यामुळे दरवर्षी थोडे वाढलेले. या गाडीच्या पुढच्या कार्बन पट्टीच्या खालच्या कडेवर ओरखड्यांची जी रांग आहे, तिचे स्पष्टीकरण विक्रेत्याने दिले नाही आणि आम्हीही मागितले नाही. फेरीबोटीचा तर विचारच सोडावा. रायबंदरहून चोडणला किंवा जुने गोव्याहून दिवाडीला जाताना धक्का आणि बोटीची फळी यांच्यामध्ये जो कोन भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो, तो या अवस्थेतील गाडीला ओहोटीच्या वेळी तरी पार करता येणार नाही.

गाडी आम्ही फोंड्याहून बोरीमार्गे मडगावला, तेथून करमल घाट उतरून काणकोणच्या बगल रस्त्यावर नेली. चार रस्ता ते माशे हा बगल रस्ता गुळगुळीत आहे, आणि तेथे ही गाडी काय आहे ते कळते. शक्ती एका लयीत, न अडखळता येते आणि पुढची चाके रस्ता सोडत नाहीत. ब्रेक मूळचेच, पुढे सहा पिस्टनचे ब्रेंबो, आणि त्यांना हात लावलेला नाही ही विक्रेत्याच्या यादीत नसलेली सर्वांत चांगली गोष्ट म्हणावी लागेल. करमल घाटाच्या वळणांवर मात्र कडक कॉइलओव्हरमुळे चाके रस्त्याच्या प्रत्येक जोडावर उसळत होती. घाटात वेग कमी करावा लागला तो वळणामुळे नव्हे, तर या उसळण्यामुळे. आणि संथ, एकसारख्या वेगाने जाताना एक्झॉस्टची जी घरघर आत भरून राहते, तिच्यामुळे शेजारी बसलेल्या स्नेह्यांच्या सौभाग्यवतींनी मडगाव येण्याआधीच आपले मत देऊन टाकले. त्या म्हणाल्या, “बेळगावपर्यंत मी यात बसणार नाही, तुम्ही दोघे जा.” लांबच्या प्रवासाची गाडी घेताना हे मत शक्ती मोजणाऱ्या कोणत्याही डायनो तपासणीच्या कागदाइतकेच वजनदार धरावे, असे माझे मत आहे.

आता कागद. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात उतरलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट शब्दांत मांडली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आली. दंडाची रक्कम या किमतीच्या गाडीच्या मालकाला जड नाही, हे खरे. पण येथे मालक बदलणार आहे, राज्यही बदलणार आहे, आणि खरी अडचण तेथे आहे. परराज्यातून ना-हरकत दाखला घेऊन, नमुना २९ आणि ३० भरून गाडी गोव्याच्या वाहतूक खात्यासमोर उभी राहील, तेव्हा निरीक्षक चॅसी आणि इंजिन क्रमांकाबरोबर रंगही पाहील. प्रमाणपत्रावर पांढरी असलेली गाडी समोर करडी दिसली तर काम तेथेच अडते. आवरण काढता येते, हा त्यावरचा सोपा उपाय. कन्व्हर्टर मात्र काढून फेकलेला असेल तर तो परत लावल्याशिवाय प्रदूषण तपासणीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा पाळणे कठीण, आणि आवाजाचा व धुराचा गुन्हा कलम १९० खाली वेगळा लागतो. त्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंडाबरोबर चालकाचा परवाना तीन महिन्यांसाठी स्थगित होण्याची शक्यताही आहे. ‘कागद आम्ही करून देऊ’ असे दलालाने दोनदा सांगितले. या वाक्याला कागदावर उतरवण्याची त्याची तयारी नव्हती, एवढे नोंदवून ठेवतो.

इंधनाचा मुद्दा विक्रेते सहसा काढत नाहीत, म्हणून तो आपणच काढावा. इंजिनाच्या संगणकातील नवा मॅप टर्बोचा दाब वाढवतो आणि ठिणगी थोडी आधी पाडतो; हे सर्व कोणत्या इंधनावर जुळवले होते, यावर इंजिनाचे आयुष्य ठरते. १०० ऑक्टेनचे (अवेळी पेट न घेणारे, उच्च प्रतीचे) पेट्रोल धरून बनवलेला मॅप घेऊन गाडी गोव्याच्या आडगावच्या पंपावर साधे पेट्रोल भरू लागली, तर नॉकिंग, म्हणजे इंधनाचे अवेळी पेटणे, टाळण्यासाठी संगणक शक्ती कापेल, आणि संरक्षणाच्या या मर्यादा मॅप लिहिणाऱ्याने सैल केल्या असतील तर तो कापणारही नाही. त्यात आता आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळते. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे साधारण १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला सुमारे १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन अधिक सोडावे लागते. संथ चालीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक भरून काढतो, पण पूर्ण दाबावर गाडी बहुतांशी मॅपमधील आकड्यांवरच विसंबते. जुन्या मिश्रणावर जुळवलेला मॅप नव्या मिश्रणावर पूर्ण शक्तीने चालवणे म्हणजे इंजिनाला इंधनाच्या तुटवड्यात कामाला लावणे होय. म्हणून मॅपची मूळ फाइल, तो कोणत्या तारखेला आणि कोणत्या इंधनावर केला याची नोंद, आणि उत्पादकाचा मूळ मॅप जपून ठेवला आहे का, या तिन्ही गोष्टी मागाव्यात. आम्हाला यांतली एकही मिळाली नाही. ‘ज्याने केले तो आता दुसऱ्या शहरात आहे’ हे उत्तर मिळाले.

टॉर्क वाढवत नेला की या गाडीत आधी ताण घेतात ते गिअरबॉक्सचे क्लच आणि त्यानंतर इंजिनातील कनेक्टिंग रॉड. सुरुवातीच्या अमेरिकी गाड्यांत वेगाने सुटण्याच्या सोयीचा अतिवापर होऊन गिअरबॉक्स गेले आणि वॉरंटीवरून वाद झाले, हे सर्वज्ञात आहे. म्हणून कॉम्प्रेशन आणि लीक-डाऊन तपासणी (सिलिंडर दाब किती धरतात हे पाहणारी), गिअरबॉक्सच्या तेलाचा तपमान-इतिहास आणि सर्व्हिसच्या पावत्या पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये. ही तपासणी गोव्याबाहेर करावी लागली तरी गाडी फ्लॅटबेडवरून न्यावी. त्या खर्चाला कोणी हसले तर हसू द्यावे.

आपल्या हवेचा विचार थोडक्यात. पावसाळ्याचे चार महिने गाडी उभी राहणार, म्हणून बॅटरीला चार्जर जोडून ठेवणे, आतल्या चामड्यावर बुरशी येऊ न देणे आणि वायरिंग उंदरांपासून वाचवणे ही कामे आलीच. समुद्रालगत घर असेल तर खालचे बोल्ट आणि ब्रेकच्या डिस्क खाऱ्या हवेला वेगाने बळी पडतात. साध्या टायरबरोबर सुटे चाकही नाही आणि रनफ्लॅटची सोयही गेली. चोर्ला घाटात जेथे फोनला रेंज नसते तेथे पंक्चर झाले तर पुढचा विचार प्रत्येकाने स्वतः करावा.

विमा कंपनीला फेरफार कळवले नसतील तर दावा फेटाळण्याचे निमित्त तिला आयतेच मिळते, आणि कळवले तर कलम ५२ चा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पाच वर्षांहून जुन्या गाडीची विमा-रक्कम ही मालक आणि कंपनी यांच्यातील सहमतीने ठरते, म्हणून ती मूळ स्थितीतील गाडीच्या किमतीवर बांधून घ्यावी. कॉइलओव्हर आणि एक्झॉस्टचे पैसे त्यात कोणी धरणार नाही. मग खरेदीदाराने तरी ते का मोजावेत? आम्ही हिशेब उलटा मांडला: याच वयाच्या, फेरफार नसलेल्या गाडीची किंमत धरली, आणि त्यातून मूळ डँपर, कन्व्हर्टरसह एक्झॉस्ट, रनफ्लॅट टायर आणि मूळ मॅप परत बसवण्याचा खर्च वजा केला. जो आकडा आला तो मागणीपेक्षा बराच खाली होता, आणि तोच आकडा विक्रेत्याला कळवला.

त्याबरोबर एक अट घातली आहे. काढलेले मूळ भाग गाडीसोबत मिळाले पाहिजेत, आणि ते याच गाडीचे आहेत हे त्यांच्यावरील भाग क्रमांकांवरून तपासू दिले पाहिजे. उत्पादन बंद झालेल्या गाडीचे डँपर आणि कन्व्हर्टर स्वतंत्रपणे आयात करायचे तर किंमत आणि मुदत दोन्ही आपल्या हातात राहत नाहीत. विक्रेत्याकडे ते भाग असतील तर स्नेह्यांनी ही गाडी घ्यावी, पावसाळा सुरू होण्याआधी मूळ स्थितीत आणावी आणि मगच गोव्यात नोंदवावी. भाग विकून टाकले असतील तर किंमत आणखी कितीही उतरली तरी बोलणी तेथेच थांबवावीत, हे मी त्यांना लेखी कळवले आहे.