एकोणतीस कोट की एक मेणबत्ती?

विज्ञानाच्या इतिहासातला प्रसंग असलेलं हजार तुकड्यांचं जिगसॉ घ्यायचं ठरलं की बहुतेक जण दोन चित्रांपाशी अडतात. एक म्हणजे १९२७ मध्ये ब्रुसेल्सला भरलेल्या पाचव्या सॉल्वे परिषदेचं, म्हणजे नामवंत भौतिकशास्त्रज्ञांच्या बैठकीचं, समूहछायाचित्र. दुसरं इंग्लिश चित्रकार जोसेफ राइटनं १७६८ मध्ये रंगवलेलं हवेच्या पंपाचं चित्र: काचेच्या गोलातली हवा काढून घेतली आहे, आत पांढरा काकाकुवा कासावीस झालाय आणि भोवती दहा माणसं आहेत. मी दोन्ही लावली आहेत, एकाच उत्पादकाची, एकाच टेबलावर, लागोपाठच्या दोन हिवाळ्यांत.

सॉल्वेची सुरुवात फार सुखाची होते. एकोणतीस माणसं, त्यांतल्या सतरा जणांना नोबेल मिळालेलं होतं किंवा पुढे मिळालं, आणि चेहरा हा जिगसॉमधला सर्वांत सोपा तुकडा. पुढच्या रांगेत बरोबर मध्ये आइनस्टाइन, त्यांच्या शेजारी परिषदेचे अध्यक्ष लॉरेंट्झ, पलीकडे मेरी क्युरी, एवढ्या सगळ्यांत एकट्या स्त्री. आइनस्टाइनच्या डोक्यामागे पंचविशीतला डिरॅक. मागच्या रांगेत उजवीकडून तिसरा हायझेनबर्ग, त्याच्या बाजूला पाउली. घरातल्या प्रत्येकाने एकेक शास्त्रज्ञ वाटून घेतला तर पहिल्या दोन संध्याकाळी कशा जातात ते कळत नाही. चार जण मिळून बसणार असाल तर हे चित्र घ्या, असंच मी सांगेन. त्या छायाचित्रावर माझं प्रेम आहे. पुंजयांत्रिकीवर (क्वांटम मेकॅनिक्सवर) हमरीतुमरीने वाद घालणारी माणसं एका चौकटीत इतकी शांत बसलेली दुसरीकडे दिसत नाहीत.

पण चेहरे लावून झाले की कोट उरतात.

माझा निर्णय इथेच झाला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. काळा कोट, काळा कोट, करडा कोट, पुन्हा काळा कोट. तुकडा हातात घेतला की तो बॉर्नचा की बोरचा, हे सांगणारी एकही खूण त्यावर नसते. रंग भरलेल्या आवृत्त्यांत चेहरे खुलतात, कोट मात्र गडदच राहतात. मग आपण आकारावर भिस्त ठेवतो आणि आकार फसवतो. चुकीच्या जागीसुद्धा तुकडा बऱ्यापैकी बसतो, रंग जुळतो, बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही. शेवटच्या रात्री माझ्याकडे एक रिकामी जागा होती, हातात एक तुकडा होता आणि तो त्या जागेत जाईना. म्हणजे कुठेतरी दोन कोटांची अदलाबदल झाली होती. ती शोधायला मधली रांग जवळजवळ सगळी उसवावी लागली. क्रामर्सच्या छातीवरचा तुकडा मागच्या रांगेतल्या फाउलरचा निघाला. आठ-नऊ दिवसांची मेहनत उलटी मोजताना खरोखर वाईट वाटलं.

कदाचित दोष तुकडे कापणाऱ्या साच्याचा असेल, असं तेव्हा मनाशी म्हटलं होतं. पण दुसरं जिगसॉ त्याच साच्याचं होतं.

राइटचं चित्र खोक्यावर पाहून मी जास्त घाबरलो होतो, कारण अर्ध्याहून अधिक भाग अंधाराचा आहे. लावायला बसल्यावर कळलं की हा अंधार एकसारखा नाही. खिडकीतला चंद्र सोडला तर सगळा उजेड टेबलावरच्या एकाच ज्योतीतून येतो आणि तीही एका काचपात्राआड लपलेली. त्यामुळे प्रत्येक तपकिरी तुकड्याची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित उबदार असते. ती बाजू मध्याकडे फिरवायची. तुकडा कुठला हे लगेच कळलं नाही तरी तोंड कुठे करायचं हे कळतं, आणि चार शक्यतांची एक झाली की काम पुष्कळ हलकं होतं. इथेही तुकडे चुकीचे बसले, पण उजेडाचा उतार तुटलेला लगेच डोळ्याला खुपायचा. दुसऱ्या दिवसापर्यंत एकही चूक टिकली नाही.

वेळ दोन्हींना सारखाच लागला, साधारण दोन आठवडे. फरक इतकाच की राइटच्या चित्राचे शेवटचे दिवस कंटाळ्याचे गेले नाहीत. डावीकडे घड्याळ धरून वेळ मोजणारा माणूस, डोळे झाकून घेतलेली मुलगी, एकमेकांतच गुंतलेलं जोडपं, खिडकीपाशी पिंजऱ्याची दोरी धरलेला मुलगा. तो पिंजरा खाली घेतोय की वर चढवतोय, हे मूळ चित्रातही ठरत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर पक्ष्याबद्दल प्रश्न येतील, त्याची तयारी असू द्या. निव्वळ शांत विरंगुळा हवा असेल तर सॉल्वे अधिक सोयीचं वाटू शकतं.

राइटकडे वळलात तर खोक्यावरचं चित्र नीट पाहून घ्या. मूळ कॅनव्हास १८३ × २४४ सेंटिमीटरचा, म्हणजे चारास तीन. हजार तुकड्यांचं जिगसॉ बहुधा ६८ × ४८ च्या आसपास असतं, म्हणजे प्रमाणाने अधिक रुंद. त्यामुळे पुष्कळदा वरून किंवा खालून पट्टी छाटली जाते. वरच्या बाजूला, गोलाच्या माथ्यावरच्या झडपेशी, प्रयोग करणाऱ्याचा हात आहे. हवा परत आत सोडायची की नाही, हे त्या हातावर अवलंबून आहे. तो हात आणि त्यावरचा थोडा अंधार शाबूत असेल तीच प्रत घ्या.