परभणीतली लेडीज बॅचवाली जिम: वजनासाठी जाणार असाल तर आधी हे वाचा

चार स्टार देतेय, एक का कापला ते खाली येईलच. दारातच यांनी "३ महिन्यात १० किलो कमी" असा भला मोठा बोर्ड लावलाय, बायका तो बघूनच आत येतात आणि दुसऱ्या महिन्यात काटा हलेना म्हणून फी बुडवून घरी बसतात. माझा पण काटा काही फार हलला नाही. शुगर मात्र हलली. एचबीएवनसी, म्हणजे शुगरची रक्ततपासणी, ६.३ आली होती, म्हणजे शुगरच्या बॉर्डरवर, डॉक्टर म्हणले गोळी आत्ताच नको, आधी हातपाय हलवा. उन्हाळ्यानंतर परत केली तर ५.८. ही टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवते, त्यामुळे आदल्या दिवशी गोड टाळून तिला गंडवता येत नाही, म्हणून मला वजनकाट्यापेक्षा तिचं जास्त पटतं. खाण्यात म्हणाल तर रात्रीचा भात कमी केला, बाकी भाकरी, पिठलं, ठेचा सगळं तेच.

लेडीज बॅचला शिकवणारी मुलगी लई भारी आहे. वयानं लहान पण समजावून सांगते. ती म्हणली, ताई, स्नायू कामाला लागले की रक्तातली साखर थेट आत ओढून घेतात, इन्सुलिन नीट चालत नसलं तरी, आणि हा परिणाम साधारण एक-दोन दिवस टिकतो, म्हणून सलग दोन दिवसांच्या वर दांडी मारायची नाही. म्हणून यांचं वेळापत्रक एक दिवस वजनं, एक दिवस चालणं-सायकल असं आहे. जागतिक आरोग्य संघटना पण तेच सांगते की, आठवड्याला निदान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं आणि वर दोन दिवस ताकदीचा व्यायाम. दुसरा भाग आपल्याकडे कुणी धरतच नाही, बायका तर नाहीच नाही, वजन उचललं की पुरुषासारखे दंड होतील म्हणून घाबरतात. काही होत नाहीत हो.

आता कुणी म्हणेल आम्ही कृषी विद्यापीठात रोज फुकट फिरतो की, जिम कशाला? फिरा ना, बीपीला, हृदयाला, झोपेला फिरणं चांगलंच. पण तिशीनंतर दर दहा वर्षाला थोडे थोडे स्नायू झिजत जातात आणि ते नुसत्या फिरण्यानं भरून निघत नाहीत. आणि मे महिन्यात इथं ४४ च्या पुढं पारा, सकाळी आठलाच ऊन खायला उठतंय. जगात जर्मनी भारतात परभणी म्हणतात ना, ते उन्हाला पण धरा.

आमच्या सासूबाईंना मी मामी म्हणते, गुडघ्याचा त्रास, त्यांना पण घेऊन गेले. आधी म्हणल्या, खुरपण्यात अन् वेचणीत जन्म गेला माझा, आता पैसे देऊन उठबशा काढायच्या का? त्या मुलीनं काही वाद घातला नाही. एक बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवली, मामींना पदर खोचायला लावला, पाय थोडे मागं, हात छातीशी, उठताना श्वास सोडायचा. पहिल्यांदा उठताच येईना, हात आपोआप मांडीवर जायचा, मग तिनं सीटवर एक जाड गादी टाकून उंची वाढवली अन् म्हणली मामी आता उठा. उठल्या. गादी पातळ होत होत आता निघून गेलीय. गुडघ्याची झिजलेली गादी काही परत आली नाही, एक्स-रेत आहे तसंच आहे, पण मांडीच्या स्नायूंनी भार घेतला की दुखणं कमी होतं. मंदिरात खाली बसलं की उठायला माझा हात लागायचा, आता नाही लागत. वरून शेजारणींना शिकवायल्यात.

स्टार का कापला तर प्रोटीन पावडर. गेल्या गेल्या डबा विकायला बघतात, नाही म्हणलं तर तोंड वाकडं. अख्खा जिल्हा सोयाबीन पिकवतो, घरात हरभरा, शेंगदाणे, दही, डाळी आहेत, माझ्यासारखीला डब्याची काय गरज आहे सांगा. दुसरं म्हणजे प्रवेश देताना बीपी किती, शुगरची गोळी चालू आहे का, काही काही विचारत नाहीत, फॉर्मवर फक्त वजन आणि "टार्गेट वजन". आमच्या बॅचमधल्या एक काकू गोळी घेऊन, काही न खाता आल्या अन् सायकलवर थरथरायला लागल्या, दरदरून घाम. साखर खायला दिली तेव्हा सावरल्या. काही शुगरच्या गोळ्यांनी, इन्सुलिननं व्यायामात साखर एकदम खाली जाऊ शकते, हे मालकाला माहीत पाहिजे. तुम्ही जाणार असाल तर डॉक्टरला विचारून जा आणि पर्समध्ये चार ग्लुकोजच्या गोळ्या ठेवाच. आयसीएमआर म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अहवालात देशात १० कोटींवर लोकांना शुगर आणि १३ कोटींवर बॉर्डरवर निघाले, म्हणजे यांच्या दारात येणाऱ्यात असे किती असतील बघा.

फी महिन्याला ९००, तीन महिन्याचे २४०० पण एकदा भरले की परत नाहीत, मग आजारी पडा की माहेरी जा. पहिला महिना सुटाच भरा. लेडीज बॅच अकरा ते साडेबारा, लाइट गेली की ट्रेडमिल बंद, इन्व्हर्टरवर फक्त पंखे, तेव्हा ती मुलगी जागेवरच दोरी-उड्या नाहीतर सूर्यनमस्कार घेते, वेळ वाया जाऊ देत नाही. एसी नाही, कूलर आहे आणि त्याला वास येतो. चेंजिंग रूमची कडी तुटलीय, किती वेळा सांगितलं, बघू म्हणतात. नोकरीवाल्या बायकांसाठी संध्याकाळची एक बॅच काढली तर लई जणी येतील, हे वाचत असाल तर एवढं कराच. पार्किंगला सावली नाही, स्कुटीच्या सीटवर टाकायला फडकं घेऊन जा.