मोडीत जाण्यापासून वाचलेली चांदी : सराफ बाजारातील एका जुन्या दुकानाविषयी

नाशिकच्या सराफ बाजारात जुने चांदीचे भांडे घेऊन गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न वजनाचा विचारला जातो. भांडे काट्यावर चढते, टंच म्हणजे चांदीची शुद्धता पाहिली जाते, घट वजा होते आणि रोकड हातात पडते. ते कोणत्या हातांनी घडवले, त्यावरची वेलबुट्टी आज कोणाला उठवता येईल का, हे कोणी विचारत नाही. भांडे वितळवण्यासाठी थेट मुशीत जाते. अलीकडे चांदीचा भाव ज्या वेगाने चढला, त्यामुळे तर घरोघरच्या गुलाबदाण्या, अत्तरदाण्या आणि पानाची तबके मोडीला निघू लागली आहेत. याच बाजारातून दहीपुलाकडे जाताना एका वाड्याच्या तळमजल्यावर असलेले हे दुकान अशी भांडी मोडीच्या भावापेक्षा अधिक पैसे देऊन घेते आणि वस्तू म्हणून पुन्हा विकते. गेली सहा वर्षे मी तिथे जात आहे आणि माझ्या संग्रहातील निम्म्याहून अधिक वस्तू तिथूनच आल्या आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

दुकानावर पाटी नाही. मालकांना सगळी गिऱ्हाइके काका म्हणतात, तेव्हा मीही तसेच म्हणते. दर्शनी भागात काचेची दोन कपाटे आहेत आणि त्यांत फक्त चांदी आहे. चिनी माती मागच्या खोलीत, छातीच्या उंचीच्या वरच्या फळ्यांवर आहे आणि काच माळ्यावर. ही मांडणी गोदावरीमुळे झालेली आहे. मोठा पूर आला की सराफ बाजारात आणि भांडी बाजारात पाणी शिरते, आणि चांदी उचलून नेता येते तशी चिनी मातीची तीनशे भांडी ऐन वेळी हलवता येत नाहीत.

या दुकानाचे खरे बळ चांदीत आहे. पहिल्या भेटीत मी एक जड वाटी उचलली, तेव्हा काकांनी किंमत सांगण्याआधी ती तोलून दाखवली. आधी हवेत २०८ ग्रॅम भरली. मग दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवून तोलली, तर वजन साधारण २० ग्रॅमने कमी आले. २०८ ला २०.१ ने भागले की १०.३५ येते. शुद्ध चांदीचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट ती जड असते तो आकडा, १०.४९ आहे, त्यामुळे थोडे तांबे मिसळलेल्या चांगल्या चांदीला हा आकडा बरोबर जुळतो. तीच वाटी जर्मन सिल्व्हरची असती, तर पाण्यात २४ ग्रॅमच्या आसपास घट आली असती. जर्मन सिल्व्हर हे तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण असून त्यात चांदी नावालाही नसते, हे अजूनही पुष्कळांना माहीत नाही. कसोटीवर घासून आणि तेजाब लावूनही टंच कळतो, पण त्यात भांड्यावर ओरखडा राहतो. पाण्याच्या तोलात वस्तूला धक्का लागत नाही. ही परीक्षा पोकळ दांड्याच्या किंवा आत राळ भरलेल्या वस्तूंना लागू पडत नाही, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले आणि राळ भरलेली एक मेणबत्तीदाणी हातात देऊन तिचे वजन किती फसवे असते, ते दाखवले.

जुन्या मराठी भांड्यांविषयीची त्यांची जाण मला विशेष मोलाची वाटते. ब्रिटिश अमदानीतील कळदार रुपयात १९४० पूर्वी सुमारे ९१.७ टक्के चांदी असे आणि त्याचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम होते. रुपये आटवून भांडी घडवून घेण्याची चाल असल्यामुळे अनेक जुन्या फुलपात्रांचा टंच त्याच आसपास निघतो. काका अशा भांड्याच्या तळावर कोरलेले नाव किंवा आद्याक्षरे कधीही खोडून काढत नाहीत. लग्नात कोणी कोणाला दिले, हे सांगणारी दोन ओळींची अक्षरे त्यांच्या मते भांड्याचाच भाग आहेत, आणि मला ते पूर्ण पटते. दुरुस्ती झालेली असेल तर तीही ते स्वतःहून दाखवतात. मी घेतलेल्या गुलाबदाणीच्या मानेशी शिसे-कथलाचा करडा डाक, म्हणजे धातू वितळवून लावलेला सांधा, होता. असे भांडे पुढे कोणी चांदीचा डाक लावण्यासाठी तापवले, तर ते शिसे चांदीत मुरून तिथे भोक पडू शकते, म्हणून त्यांनी ती तापवू नका असे बजावले आणि किंमतही कमी केली.

इंग्रजी चांदी इथे कशी येते, असा प्रश्न पडू शकतो. तिचा बराच भाग देवळालीच्या जुन्या बंगल्यांतून येतो. ब्रिटिश लष्करी छावणीच्या काळातील चहाचे संच, तबके, मीठदाण्या मालकांच्या पुढच्या पिढ्या विकायला काढतात. अशा वस्तूंवरील छाप वाचायला मी याच दुकानात शिकले. चालता सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबळ्याचे मस्तक म्हणजे लंडन. एक अक्षर वर्ष सांगते आणि राजा किंवा राणीचे मस्तक कर भरल्याची खूण आहे. ही शेवटची खूण १७८४ ते १८९० एवढ्याच काळात उमटवली जात असे, त्यामुळे व्हिक्टोरिया राणीचे मस्तक दिसले की वस्तू १८९० किंवा त्याआधीची आहे, हे एका नजरेत ठरते. या ज्ञानाअभावी मी पूर्वी दुसऱ्या शहरात फसले होते. ‘ई.पी.एन.एस.’ ही अक्षरे असलेले तबक मला चांदीचे म्हणून विकले गेले, आणि त्या अक्षरांचा अर्थ निकेलच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा असा आहे, हे मला घरी आल्यावर कळले. इथे मुलाम्याच्या वस्तू वेगळ्या खणात आहेत, चिठ्ठीवर ‘मुलामा’ असे लिहिलेले आहे आणि कडांना मुलामा उडून खालचा धातू दिसत असेल, तर तेही लिहिलेले आहे.

घासण्याबाबत काका कठोर आहेत. हवेतील गंधकयुक्त वायूंनी चांदीवर जो काळा थर चढतो, तो चांदी आणि गंधक यांच्या संयोगाने बनलेला असतो. तो खरवडला की तेवढी चांदी जाते, आणि उठावाच्या नक्षीतील खोलगट जागांतील काळेपणा गेला की नक्षी सपाट दिसू लागते. त्यामुळे ते रिठ्याच्या कोमट पाण्यापलीकडे काही लावत नाहीत. चकचकीत भांडे हवे असणाऱ्या गिऱ्हाइकाला हे आवडत नाही. माझ्यासमोर दोघे परत गेलेले मी पाहिले आहेत. विकलेली वस्तू ते मलमलीत गुंडाळून देतात आणि तिला रबरबँड लावू नका, असे न चुकता सांगतात, कारण रबरातील गंधकाने तिथे काळी रेघ उठते.

चिनी मातीचा विभाग भरवशाचा आहे, पण महाग आहे. वय ओळखण्याचा त्यांचा मार्ग साधा आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव घालणे बंधनकारक केले, म्हणून नुसते ‘इंग्लंड’ लिहिलेली बशी साधारणपणे १८९१ नंतरची असते. ‘निप्पॉन’ (जपानचे जपानी नाव) हा शिक्का १९२१ पर्यंतचा आणि त्यानंतर ‘जपान’. निळ्या तलवारींची फुली पाहून मी हरखले होते, तेव्हा मायसेन या जर्मन चिनी मातीच्या कारखान्याच्या त्या खुणेची नक्कल दोनशे वर्षांहून अधिक काळ होत आली आहे, असे सांगून त्यांनी ती फुलदाणी नकलेच्या भावाने पुढे ठेवली. जोडकाम ओळखायला ते अतिनील प्रकाशाची विजेरी वापरतात. तिच्या उजेडात नंतर लावलेला रंग आणि लुकण मूळ झिलईपेक्षा वेगळे चमकतात. मात्र लोणच्याच्या दुरंगी बरण्यांना ते जो भाव सांगतात, तो मला मान्य नाही. अशा बरण्या अजूनही जुन्या घरांच्या माळ्यांवर पुष्कळ आहेत.

काचेचा विभाग सर्वांत कच्चा आहे. माळ्यावर उजेड अपुरा, हंड्यांच्या कडा एकमेकींना टेकलेल्या, आणि जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर ‘बेल्जियम’. आपल्याकडे चांगली काच दिसली की तिला बेल्जियमची म्हणण्याची सवयच आहे; पण तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा आणि कऱ्हाडजवळचा ओगलेवाडीचा कारखाना १९१६ चा, आणि ओगल्यांचा प्रभाकर कंदील तर घराघरांत होता. असा एक कंदील याच माळ्यावर परदेशी म्हणून ठेवलेला होता. चांदीवरचा बारीकसा छापही वाचणाऱ्या माणसाने आपल्याच मुलखातील काचेकडे असे दुर्लक्ष करावे, याचे मला वाईट वाटले आणि मी ते बोलून दाखवले. मागच्या खेपेस एका पिवळसर हिरव्या वाडग्यावर मी त्यांचीच विजेरी धरली, तर तो लख्ख हिरवा उजळला. युरेनियम मिसळलेल्या काचेची ती ओळख आहे. काकांनी चिठ्ठी बदलली, पण मला वाडगा जुन्याच किमतीला दिला. “ताई, ओळखलंत तुम्ही, मग फायदाही तुमचाच,” असे ते म्हणाले.

व्यवहारात एक उणीव राहते. पावती मिळते, पण तिच्यावर ‘चांदीचे भांडे’ आणि वजन एवढेच लिहिलेले असते. छाप, अंदाजे काळ आणि दुरुस्ती यांची नोंद आग्रहाने करून घ्यावी. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या पुरावशेषांच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यामुळे परदेशातील नातेवाइकांसाठी खरेदी करणाऱ्याने वस्तूचा काळ लेखी घेणे गरजेचे आहे. परवाना इथे भिंतीवर लावलेला आहे. देवघरातील मूर्ती ते घेत नाहीत आणि विकतही नाहीत. हस्तिदंताचा व्यापार बंद असल्यामुळे, मुठीत पांढऱ्या हस्तिदंती चकत्या बसवलेल्या चहादाण्याही ते परत पाठवतात.

किमतीत घासाघीस चालते, पण चांदीत फार नाही. मोडीचा भाव आणि त्यावर कामाचे मोल, असे दोन आकडे ते वेगवेगळे सांगतात आणि पहिला आकडा हलत नाही. बुधवारी सकाळी काका गोदाकाठच्या आठवडे बाजारात जुन्या वस्तू पाहायला जातात, म्हणून त्या दिवशी दुकान दुपारनंतर उघडते. गुरुवारी लवकर गेल्यास आदल्या दिवशी आलेले सामान टेबलावर तसेच मांडलेले सापडते, रिठ्याचे पाणीही न लागलेले.